फेशियल जरा पुढे ढकला!

लग्नसराईत मंचर, नारायणगाव, ओतूरला नवरीचं फेशियल बहुधा हळदीच्या आदल्या दिवसावर येतं. नेमका तोच दिवस चुकीचा! चोळण्याने, वाफेने त्वचा लाल होते, कधी पुरळही उठतं. निदान आठवडाभर आधी उरका. पहिलंच असेल तर महिनाभर आधी करून पाहा. टोमॅटोच्या तोडणीत चेहरा उन्हाने सोलवटला असेल, पुटकुळ्यांत पू असेल, ओठाशी पाण्याचे फोड आले असतील, तर फेशियल नकोच. आणि ते गोरेपणाचं मलम? त्यात स्टेरॉईड असेल तर त्वचा पातळ होते. अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायला २०१८ पासून मनाई आहे, तरी शेजारणीच्या सांगण्यावरून ती लावली जातातच. मग पार्लरआधी त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.