सापडलं, पण उचलायचं नाही

पूर्वी मे महिन्यात नातवंडं जमली की पत्त्यांचा डाव पडायचा, नाहीतर एखाद्या मासिकातल्या 'चित्रातले दहा फरक शोधा'वर चारचार डोकी वाकलेली असायची. आता तीच मंडळी मांडीवर टॅब्लेट घेऊन थेट इजिप्तला पोचलेली असतात. मालवणच्या आमच्या घरातही हेच चित्र. मुंबईहून येणारी माझी नात ज्या खेळात तासन् तास रमते, त्याचं स्वरूप अगदी साधं आहे. पडद्यावर फारोच्या थडग्यातली एक खोली येते. तिच्यात मडकी, मूर्ती, पेट्या, साप, दोरखंड यांचा खच पडलेला असतो आणि खाली एक यादी दिलेली असते: काळं मांजर, दोन विंचू, मोडकी बासरी, भुंगेऱ्याच्या आकाराचा ताईत. वस्तू दिसली की तिच्यावर बोट ठेवायचं. ती चमकते, नाहीशी होते आणि यादीतल्या नावावर काट बसते. अगदीच अडलं तर भिंगाच्या चित्रावर टिचकी मारायची. मग खेळच जागा दाखवतो.

२००५ साली 'मिस्टरी केस फाइल्स' या मालिकेतला पहिला खेळ आला आणि हा प्रकार चांगलाच लोकप्रिय झाला. पुढे याच धर्तीचे असंख्य खेळ निघाले आणि प्राचीन इजिप्त हे त्यांचं आवडतं ठिकाण झालं. हा खेळ वाईट आहे असं मी म्हणणार नाही. तो नजर बसायला शिकवतो, आणि नजर बसणं ही आयुष्यभर उपयोगी पडणारी गोष्ट आहे. त्यातला एक नियम मात्र मला खटकतो. वस्तू सापडली की ती संपली! ती कोणाची, तिथे का ठेवलेली, शेजारच्या वस्तूशी तिचं नातं काय, यातलं काहीच कोणी विचारत नाही.

माझी हयात बँकेत गेली, म्हणून कदाचित हे मला अधिक खटकत असेल. वर्षानुवर्षं भाडं थकलेला आणि ग्राहकाचा ठावठिकाणा नसलेला लॉकर कधीतरी फोडावा लागतो. पंच बोलावले जातात, कुलूप तोडलं जातं आणि एकेक वस्तू बाहेर निघते. यादी करताना 'सोन्याची बांगडी' असं लिहीत नाहीत, 'पिवळ्या धातूची बांगडी' असं लिहितात. कारण सोनं आहे हे ठरवण्याचं काम पाहणाऱ्या डोळ्यांचं नव्हे. चांदीचं वाळं ज्या जुन्या कागदात गुंडाळलेलं असतं, तो कागदही यादीत येतो. सराफाच्या लेखी त्याची किंमत शून्य असते. पण पुढे कोणी वारस आला, तर ओळख पटवायला कदाचित तोच कागद उपयोगी पडतो.

खऱ्या इजिप्तमधला सर्वांत गाजलेला शोध याच शिस्तीने पार पडला. ४ नोव्हेंबर १९२२ या दिवशी हॉवर्ड कार्टर यांच्या मजुरांना राजांच्या खोऱ्यात दगडात कोरलेली एक पायरी लागली. तुतानखामेनच्या थडग्याची वाट पुढच्या काळातल्या कामगारांच्या झोपड्यांखाली आणि दगडमातीखाली गाडली गेली होती. २६ नोव्हेंबरला कार्टरनी भिंतीला भोक पाडून मेणबत्तीच्या उजेडात आत पाहिलं. पहिल्या दालनात सुटे केलेले रथ, पशूंच्या आकाराचे पलंग आणि पेट्या एकमेकांवर रचलेल्या होत्या. खेळातली खोली बेतली असावी ती याच दृश्यावरून! पण तिथे वस्तू चमकून नाहीशा झाल्या नाहीत. जागेवरच प्रत्येकीशेजारी क्रमांकाचं कार्ड ठेवलं गेलं, हॅरी बर्टन यांनी छायाचित्रं घेतली, टिपणं झाली आणि मगच वस्तू हलवली गेली. पाच हजारांहून अधिक वस्तूंचं हे काम सुमारे दहा वर्षं चाललं. सोन्याचा मुखवटा दहा किलोंहून जास्त वजनाचा आहे, हे पुष्कळांना ठाऊक असतं. पण शवपेट्यांवर वाळलेल्या फुलांचे हारही होते. त्या फुला-फळांच्या बहराच्या मोसमावरून दफन मार्च-एप्रिलच्या सुमारास झालं असावं, असा अंदाज अभ्यासकांनी बांधला. राजाच्या अंत्यविधीचा ऋतू सांगितला तो निर्माल्याने!

एवढं दूर जायचं कशाला? आपल्या कोकणाच्या सड्यांवरही असाच एक खेळ मांडून ठेवलेला आहे. फक्त त्याला यादी नाही. जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर कोणा अनाम माणसांनी माणसं, प्राणी, मासे आणि अर्थ न लागणाऱ्या आकृत्या कोरून ठेवल्या आहेत. त्यांना आपण कातळशिल्पं म्हणतो. राजापूर तालुक्यात कशेळीला सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती आहे आणि त्याच्या देहरेषेच्या आत इतर प्राण्यांच्या, पक्ष्यांच्या, माशांच्या डझनावारी आकृत्या आहेत. रत्नागिरीकडे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगावचे सडे पायी तुडवून अशी कितीतरी शिल्पं उजेडात आणली. आमच्या मालवण तालुक्यातली हिवाळे इथली शिल्पं २००१ साली आणि कुडोपीची २०१२ साली सतीश लळीत यांनी अभ्यासकांसमोर मांडली. कुडोपीला साठांहून अधिक आकृत्या आहेत. २०२२ साली कोकणातल्या कातळशिल्पांच्या नऊ स्थळांची नावं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. त्यांत रत्नागिरी जिल्ह्यातली सात, गोव्यातलं कुशावतीकाठचं पणसायमळ आणि सिंधुदुर्गातलं एकच, आमचं कुडोपी.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत नातीला तिथे घेऊन गेलो. सकाळची वेळ होती. गवत वाळून आडवं झालेलं. पहिली दहा मिनिटं आम्हांला नुसता काळा कातळ दिसत होता. इथे भिंगाचं बटण नव्हतं. होतं ते तिरपं ऊन. सूर्य माथ्यावर आला की रेघा कातळात विरून जातात आणि कलता असला की खोबणीत सावली भरते. गुरं घेऊन आलेल्या एका म्हाताऱ्याने काठीने एक रेघ दाखवली. ती धरून पोरीची नजर पुढे सरकली आणि एकदम एक आख्खी आकृती तिच्या पायाशी उभी राहिली. सवयीने तिने बोट ठेवलं. आकृती जागची हलली नाही. तिने वर पाहिलं आणि विचारलं, "आजोबा, हे कोणी काढलं?" खेळातल्या थडग्यात हा प्रश्न तिने एकदाही विचारला नव्हता.

उत्तर सोपं नाही. दगडात कोरलेल्या रेघेचं वय थेट मोजता येत नाही. हे काम मध्याश्मयुगापासूनचं असावं असं काही अभ्यासक मानतात. काही ठिकाणी गेंड्याची आकृती ओळखली गेली आहे, आणि आज कोकणात गेंडा नाही. गावाने मात्र आपल्यापुरतं नाव कधीच ठेवून दिलंय, 'बावल्यांचा सडा'. मी त्या म्हाताऱ्याला शोध कसा लागला ते सांगू लागलो, तेव्हा तो हसून म्हणाला, "बावले आमका पयल्यापासून म्हायत, सायबानू. तुमका आता गावले, इतक्याच." त्याचं म्हणणं खरंच होतं. ही चित्रं गाडलेली नव्हती. अभ्यासकांचं श्रेय यानं उणावत नाही. गावाच्या माहितीला त्यांनी जगाच्या माहितीत जागा मिळवून दिली.

काळजी वाटते ती वेगळ्याच कारणाने. बँकेत असताना आंबा लागवडीच्या कर्जाच्या फायलींत शेकडो सातबारे माझ्या हाताखालून गेले. त्यांत सड्याची नोंद बहुतेक वेळा 'पोटखराबा' अशी, म्हणजे जिथे काही पिकत नाही ती जमीन. सातबाऱ्यात झाडांची नोंद होते, विहिरीची होते. चित्रांसाठी रकाना नाही. मग कोणी चिरेखाण काढतो, कोणी कलमांसाठी सुरुंग लावून खड्डे घेतो, कोणी रस्ता नेतो. यात दुष्टावा कुणाचाच नसतो. पोटापाण्याचाच प्रश्न असतो. २०२३ साली बारसूला तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण सुरू झालं आणि मोठं आंदोलन झालं, तेव्हा तिथल्या कातळशिल्पांचाही प्रश्न पुढे आला. थडग्यातली वस्तू निदान उचलून संग्रहालयात नेता येते. सडा कुठे नेणार? तो फुटला की चित्रही गेलं आणि त्याची जागाही.

म्हणून एक सुचवावंसं वाटतं. या सुट्टीत मुलांच्या हातातला खेळ काढून घेऊ नका. त्यांना सड्यावर घेऊन जा. सकाळी लवकर किंवा उन्हं उतरताना जा, आणि गावातला माणूस सोबत असू द्या. रेघा उठून दिसाव्यात म्हणून खडू किंवा रंग भरू नका, आकृतीवर पाय देऊ नका, आठवण म्हणून खडाही उचलू नका. वहीत चित्र काढा, तारीख घाला, आणि त्या जागेला गावात काय म्हणतात ते एखाद्या आजीला विचारून लिहा. जमीनमालक भेटला तर त्यालाही दाखवा. त्याच्या पोटखराब्यात काय आहे, हे त्याला कळलेलं बरं.