केनेडींचा धर्म आणि १९६०ची निवडणूक
सार्वजनिक पदासाठी धर्माची अट असणार नाही, असं अमेरिकेच्या राज्यघटनेतच लिहिलेलं आहे. तरीही १९२८मध्ये न्यूयॉर्कचे गव्हर्नर अल स्मिथ अध्यक्षपदासाठी उभे राहिले, तेव्हा त्यांचं कॅथलिक असणं प्रचारात उघडपणे त्यांच्याविरुद्ध वापरलं गेलं. देशात तेव्हा भरभराट होती, त्यामुळे ते बहुधा एरवीही हरले असते. पण कॅथलिक उमेदवार चालत नाही, हा समज मात्र रुजला.

तो मोडला जॉन केनेडींनी, १९६०मध्ये. प्रॉटेस्टंटबहुल वेस्ट व्हर्जिनियातली पक्षांतर्गत निवडणूक त्यांनी जिंकली. सप्टेंबरमध्ये ह्यूस्टनला प्रॉटेस्टंट धर्मगुरूंसमोर उभं राहून, चर्च आणि शासन वेगळंच असलं पाहिजे, असं त्यांनी ठामपणे सांगितलं. कोणाही उमेदवाराला असा खुलासा करावा लागणं अन्यायाचंच आहे.

केनेडींच्या कॅथलिक ओळखीचा परिणाम दोन्ही बाजूंनी झाला. अनेक प्रॉटेस्टंट मतदारांनी पाठ फिरवली, तर कॅथलिक मतदार मोठ्या संख्येने त्यांच्याकडे वळले. अमेरिकेत अध्यक्ष ठरतो तो राज्यवार निर्वाचकांच्या मतांवर, आणि कॅथलिक वस्ती मोठ्या औद्योगिक राज्यांत दाट होती. त्यामुळे देशभरात जेमतेम लाखभर मतांची आघाडी असूनही केनेडींना ३०३ निर्वाचक मतं मिळाली. दुसरे कॅथलिक अध्यक्ष, जो बायडन, निवडून यायला मात्र २०२० उजाडलं.