चुकीचं स्मारक

रोज बघून बघून एखादी वस्तू आपल्याला दिसेनाशीच होते. ती नव्याने दाखवणं हे कलेचं काम, असं रशियन समीक्षक व्हिक्टर श्क्लोव्हस्की यांनी १९१७ मध्ये मांडलं. उदाहरण घेतलं टॉलस्टॉयच्या कथेतल्या घोड्याचं. माणसं 'माझा घोडा' म्हणतात म्हणजे काय, हेच त्या घोड्याला कळत नाही. वाचता वाचता मालकी ही गोष्ट आपल्यालाही विचित्र वाटायला लागते!

त्याच वर्षी क्रांती झाली. हळूहळू समीक्षेतला प्रश्नच बदलला. कथा कशी रचली आहे ते राहू द्या, ती कोणत्या वर्गाच्या बाजूची आहे ते सांगा. (वर्ग म्हणजे शाळेतला नव्हे, कामगारांचा की भांडवलदारांचा तो.) ट्रॉट्स्की यांनी श्क्लोव्हस्कींच्या रूपवादावर कडक टीका केली, पण निदान मुद्द्याला मुद्दा देऊन. १९२९ मध्ये त्यांनाच देशाबाहेर घालवलं.

जानेवारी १९३० मध्ये श्क्लोव्हस्कींनी वर्तमानपत्रात आपली चूक जाहीर कबूल केली. लेखाचं नाव, 'एका शास्त्रीय चुकीचं स्मारक'. हे मनापासून की भीतीपोटी, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मला मात्र ते नावच खटकतं. चूक आपण खोडरबराने पुसतो ना? तिचं स्मारक कोण बांधतं?