‘देवानं मला सोडलं का?’ हे वाक्य मोजायचं कसं?

मागच्या आठवड्यात एका विद्यार्थिनीने विचारलं, “सर, प्रश्नावली इंग्रजीत तयार आहे, मराठीत करायला किती दिवस लागतात?” मी म्हटलं, एक वाक्य मला चार महिने पुरलंय. त्या वाक्याची ही गोष्ट. तुम्ही पीएचडीचा विचार करत असाल, विशेषतः श्रद्धा, दुःख, मानसिक आरोग्य अशा विषयांत, तर ही अडचण तुमच्याही वाट्याला येणार आहे.

माझा विषय थोडक्यात असा: संकटात माणूस श्रद्धेचा आधार कसा घेतो. त्यासाठी जगभर वापरलं जाणारं एक साधन म्हणजे केनेथ पार्गमेंट या मानसशास्त्रज्ञाची ‘आरकोप’ मापनश्रेणी, आणि तिची १४ वाक्यांची छोटी आवृत्ती. त्यातली ७ वाक्यं ‘सकारात्मक’ आधाराची, ७ ‘नकारात्मक’. देवानं आपल्याला सोडून दिलं की काय असं मनात येणं, हे नकारात्मक गटात मोडतं. ते उगाच तिथे टाकलेलं नाही. २००१ मध्ये पार्गमेंट आणि सहकाऱ्यांनी ५५ वर्षांवरच्या ५९६ आजारी रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचा सुमारे दोन वर्षं मागोवा घेतला होता. ज्यांना देवानं सोडल्यासारखं वाटत होतं, त्यांच्यात मृत्यूचा धोका जास्त दिसला, आजाराची तीव्रता वगैरे हिशोबात धरूनही. म्हणजे ही भावना हलकी नाही. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कापूस गेला, कर्ज राहिलं, घरातला माणूस गेला, अशा घरांत हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा नसतोच.

आता भाषांतर. पहिल्या खेपेला मी लिहिलं, ‘देवाने माझा त्याग केला’. व्याकरण शुद्ध, शब्द ग्रांथिक, गाईडही खूश. ते वाक्य मी माझ्या मावशीला वाचून दाखवलं. ती चर्चला कधी न चुकणारी बाई. ती हसलीच. “त्याग तं चांगली गोष्ट आहे ना बापू. येशूनं त्यागच तं केला!” बरोबर होतं तिचं. मराठी मंडळीत ‘त्याग’ म्हटलं की वधस्तंभ आठवतो. माझ्या वाक्याचा अर्थ जवळपास उलटा झाला होता.

दुसऱ्या खेपेला मी गावचा शब्द घेतला: ‘देवानं मला टाकलं’. मावशी गप्प झाली. मला उशिरा लक्षात आलं. तिला नवऱ्यानं टाकलंय, तीस वर्षं झाली. आपल्याकडे ‘टाकलेली’ हा शब्द बाईच्या अंगाला चिकटलेला असतो. तो देवाबद्दल वापरला तरी आधी नवरा आठवतो.

पुस्तकातली पद्धत सांगते की उलट-भाषांतर करा: मराठीचं पुन्हा इंग्रजी दुसऱ्याकडून करून घ्या आणि ताडून पाहा. रिचर्ड ब्रिसलिनने १९७० मध्ये ही पद्धत नीट मांडली. मी केलं. ‘त्याग’ आणि ‘टाकलं’, दोन्ही शब्द त्यातून सहज पास झाले! कारण उलट-भाषांतर करणाराही माझ्यासारखाच, पुस्तकी. शब्द जुळतात की नाही ते या पद्धतीत कळतं. ऐकणाऱ्याच्या मनात काय हलतं ते कळत नाही. त्यासाठी माणसासमोर बसून, ‘हे ऐकून काय मनात आलं?’ असं एकेक वाक्य विचारावं लागतं. वेळ जातो, पण दुसरा मार्ग मला तरी सापडलेला नाही.

‘टाकणं’ आणि ख्रिस्ती श्रद्धा यांचा मराठीतला जुना संबंध बघायचा असेल तर लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ वाचा. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, बायकोला न सांगता. लक्ष्मीबाईंनी पुढची वर्षं नातेवाइकांकडे काढली. नंतर त्या टिळकांकडे परतल्या आणि १९०० मध्ये स्वतःही ख्रिस्ती झाल्या. ज्या देवामुळे घर मोडलं त्याच देवावर पुढे विश्वास ठेवला, हे पार्गमेंटच्या १४ वाक्यांत कुठे बसवणार, मला कळत नाही.

तिसऱ्या खेपेला साधंच लिहिलं: ‘देवानं मला सोडलं का, असं वाटलं’. मावशी लगेच म्हणाली, “हे तं मी रोज त्यालेच इचारतो.”

चौकटीत मी ‘३’ लिहायला गेलो, म्हणजे ‘खूप प्रमाणात’, आणि थांबलो. इथे खरी गोची आहे. ‘त्यालेच’ हा शब्द बघा. माणूस देवाबद्दल तक्रार करतोय की देवाकडे तक्रार करतोय? कागदावर दोन्हींना तेवढेच गुण.

बायबलचे अभ्यासक हा फरक फार आधीपासून ओळखतात. (यवतमाळात १९५३ ते १९८३ युनियन बिब्लिकल सेमिनरी होती, मग ती पुण्याला गेली, तेव्हा हा अभ्यास आमच्या गावाला परका नाही.) १५० स्तोत्रांत सर्वांत मोठा गट विलापाचा आहे. १३ व्या स्तोत्रात ‘कुठवर’ हा प्रश्न चारदा येतो. बहुतेक विलाप शेवटी विश्वासाकडे वळतात. हे वळण अचानक का येतं, यावर योआखिम बेग्रिखने १९३४ मध्ये असा तर्क मांडला की मधे याजक देवाचं आश्वासन ऐकवत असावा, ते आश्वासन लिहून ठेवलेलं नाही एवढंच. पण ८८ वं स्तोत्र वळतच नाही. ते अंधारात संपतं, आणि तरीही प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. मार्क आणि मत्तय यांच्या शुभवर्तमानांत येशू वधस्तंभावर जे ओरडतो तीही २२ व्या स्तोत्राची सुरुवातच. त्याला जर आपला फॉर्म दिला असता तर?

मदर तेरेसांची खाजगी पत्रं २००७ मध्ये छापून आली, तेव्हा कळलं की कित्येक दशकं त्यांना देव जवळ जाणवतच नव्हता. काम आणि प्रार्थना मात्र चालू होती. वॉल्टर ब्रूगमनचा १९८६ चा एक प्रसिद्ध लेख आहे, उपासनेतून विलाप गेला की काय हरवतं यावर. त्याचं म्हणणं मला पटतं: तक्रार करायला जागा नसेल तर उरतं ते एकतर खोटं कौतुक, नाहीतर अपराधीपणा.

पण या बाजूनेही वाहवत जाऊ नका. ‘तक्रार म्हणजेच श्रद्धा’ असं म्हणून २००१ चे आकडे पुसता येत नाहीत. सगळेच ‘त्यालेच’ विचारत नाहीत. वडील गेले त्या वर्षी माझी आई चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायची आणि प्रार्थनेला डोळे मिटायची नाही. ती कोणालाच काही विचारत नव्हती. तिला कोणी पाळकाकडे किंवा डॉक्टरकडे न्यायला हवं होतं. आम्ही नेलं नाही, कारण बाहेरून सगळं व्यवस्थित दिसत होतं. फॉर्म दिला असता तर तिने ‘०’ लिहिला असता, याची मला जवळपास खात्री आहे.

म्हणून आता मूळ वाक्य तसंच ठेवून त्याखाली मी दोन उघडे प्रश्न जोडलेत: ‘असं वाटलं तेव्हा कोणाला सांगितलं?’ आणि ‘देवाशी बोलणं चालू होतं की थांबलं?’ गाईड म्हणतात, मूळ मापनश्रेणीला हात लावलास तर तुलना करता येणार नाही. म्हणून हे प्रश्न वेगळ्या पानावर आहेत, गुणांत धरलेले नाहीत. मावशीचा कागद माझ्याच फाइलमध्ये आहे. तिला मी नमुन्यात घेतलेलं नाही, आणि त्या एका ओळीपुढची चौकट अजून कोरी आहे.