आडवी बाटली आणि पंचवीस टक्के सह्या

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत नीरा डाव्या कालव्याने ऊस दिला आणि उसाने साखर कारखाने. साखर निघाली की मागे मळी उरते, आणि मळीपासून मद्यार्क बनतो. ज्या उसावर इथली घरे चालतात, त्याच उसाची एक वाट देशी दारूच्या दुकानात निघते. शाळेत शिकवताना आम्हाला ती वाट रोज दिसते. पगाराच्या दुसऱ्या दिवशी कोणते मूल डबा न आणता येणार, हे वर्गशिक्षकाला आधीच माहीत असते.

आपल्याकडे दारू हराम आहे, तेव्हा हा प्रश्न दुसऱ्यांचा, असे म्हणणारे भाऊ आम्हाला पुष्कळ भेटतात. त्यांनी एकदा मोहल्ल्यातल्या एखाद्या खालाला एकटीने बोलते करावे. हराम आहे हे तिच्या मुलालाही ठाऊक असते. पण दुकान घरापासून दोनशे पावलांवर असते आणि नसीहत महिन्यातून एकदा होते. म्हणून दुकानाबद्दल कायद्याने आपल्या हाती काय ठेवले आहे, ते आज लिहितो. आणि कायद्याने ठेवलेली ही चीज मोठी अजब आहे. आपल्या राज्यात सामान्य नागरिकांनी सह्या केल्या की सरकारला मतपेटी ठेवावी लागते, अशी जागा शोधायला गेलो तर जवळपास ही एकच सापडते.

ती सहज मिळाली नाही. दारूविरुद्ध अर्ज करणे महाराष्ट्राला नवे नाही. 1880 मध्ये महात्मा जोतीराव फुले पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद होते, तेव्हा शहरात दारूची दुकाने वाढू देण्याला त्यांनी लेखी विरोध केला होता. पुढे संविधानाच्या 47 व्या कलमात दारूबंदीचा प्रयत्न करणे हे राज्याचे कर्तव्य म्हणून लिहिले गेले. पण परवाने निघत राहिले. मग गडचिरोलीतल्या गावागावांनी ठराव केले आणि 1993 मध्ये जिल्ह्यात दारूबंदी आली. चंद्रपूरच्या बायका 2010 च्या डिसेंबरात चिमूरहून पायी नागपूरला, विधिमंडळाच्या दारात गेल्या. तिथे 2015 मध्ये बंदी झाली आणि 2021 मध्ये सरकारने ती उठवलीही. वरून दिलेली बंदी वरूनच काढून घेता येते, हे त्यातून दिसले.

गावातल्या बायकांचे मागणे साधे होते: आमच्या गावात दुकान असावे की नसावे, ते आम्हाला विचारा. या रेट्यातून मतदानाचा मार्ग निघाला आणि 25 मार्च 2008 च्या आदेशाने त्याचे आजचे नियम ठरले. गावातल्या किंवा वॉर्डातल्या 25 टक्के महिला मतदारांनी, किंवा एकूण मतदारांपैकी 25 टक्क्यांनी, सह्यांचा अर्ज राज्य उत्पादन शुल्क खात्याकडे द्यायचा. सह्यांची पडताळणी होते. मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान चालू राहावे असे वाटत असेल तर उभीवर शिक्का, बंद व्हावे असे वाटत असेल तर आडवीवर. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही यात कोणाला विचारावे लागत नाही. आपल्या शेजारच्या पारनेर तालुक्यात, निघोजच्या बायकांनी 2016 मध्ये याच मार्गाने बाटली आडवी केली.

आता खरी अडचण. आम्ही गणित शिकवतो, तेव्हा गणितच मांडतो. समजा गावात 2000 महिला मतदार आहेत. अर्जाला 500 सह्या लागतील. त्या मिळाल्या, मतदान ठरले, 1100 बायका आल्या. 950 जणींनी आडवीवर शिक्का मारला, 150 जणींनी उभीवर. कोणीही म्हणेल, दुकान बंद झाले. नाही झाले. आडव्या बाटलीला झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मते लागतात. म्हणजे 1001. आमदार निवडायला अशी अट नसते, सरपंच निवडायलाही नसते. दारूचे दुकान हलवायला मात्र असते.

म्हणून या मतदानात घरी बसलेली बाई तटस्थ राहत नाही. तिचे न दिलेले मत उभ्या बाटलीच्या बाजूने मोजले जाते. लग्न होऊन सासरी गेलेली मुलगी, कामासाठी पुण्याला राहणारी सून, तीन वर्षांपूर्वी इंतकाल झालेल्या दादीअम्मा, यांची नावे यादीत राहिली असतील तर तीही त्याच बाजूला. दुकानदाराला फार काही करावे लागत नाही. मतदानाच्या दिवशी थोडी दहशत, थोडी अफवा, थोडे जेवण, आणि बायका घरात राहिल्या की त्याचे काम झाले. 2025 च्या मार्चमध्ये तेव्हाचे उत्पादन शुल्क मंत्री आणि बारामतीचे आमदार अजित पवार यांनी विधानसभेत जाहीर केले, की यापुढे नोंदणीकृत गृहनिर्माण सोसायटीच्या जागेत नवे दुकान काढायला सोसायटीचा ना हरकत दाखला लागेल. शहरातल्या सोसायटीला आधीच नाही म्हणता येते हे चांगलेच. झोपडपट्टीला, मोहल्ल्याला, वाडीला मात्र आधी दुकान सोसावे लागते आणि मग सह्या गोळा कराव्या लागतात.

हातभट्टीला यातले काहीच लागू नाही. ती बेकायदा आहे, तिच्यासाठी मतदान नसते, पोलीस असतात. परवान्याचे दुकान बंद झाल्यावर मागल्या दाराने ती सुरू होऊ नये म्हणून बायकांना पुढेही जागे राहावे लागते.

बाटलीवर मत घेता येते, तर इतर गोष्टींवर का नाही? रायगड जिल्ह्यात पेण भागातल्या शेतकऱ्यांनी हाच प्रश्न केला होता. विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमिनी जाणार होत्या. प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारखे ज्येष्ठ त्या लढ्यात होते. अखेर 21 सप्टेंबर 2008 रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या 22 गावांत सरकारला शेतकऱ्यांची मते घ्यावी लागली. मत घेतले, पण त्या मताने सरकार बांधले जाईल असा कायदा नव्हता. गोव्याचे तसे नव्हते. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की नाही, हे विधानसभेने ठरवू नये, लोकांना विचारा, असा आग्रह डॉ. जॅक सिक्वेरा आणि त्यांच्या साथीदारांनी धरला. 1966 मध्ये संसदेने त्यासाठी कायदा केला. 16 जानेवारी 1967 च्या कौलात विलीनीकरणाला, म्हणजे फुलाला, 1,38,170 मते पडली आणि दोन पानांना 1,72,191. मराठी माणसाला निकाल आवडला नाही, पण त्याने तो मान्य केला.

इथे आमचे काही वाचक सावध होतील, आणि त्यांनी व्हावेच. स्वित्झर्लंडमध्ये 18 महिन्यांत एक लाख सह्या जमवल्या की संविधानातल्या बदलावर देशभर मतदान घ्यावे लागते. 1908 मध्ये तिथल्या मतदारांनी याच वाटेने अबसिंथ नावाच्या कडक दारूवर बंदी आणली. (बायकांना तेव्हा तिथे मत नव्हते, राष्ट्रीय पातळीवर ते 1971 मध्ये मिळाले, तेही पुरुषांच्या मतदानाने.) आणि त्याच वाटेने 29 नोव्हेंबर 2009 रोजी 57.5 टक्के मतांनी नव्या मिनारांवर बंदी आली. तेव्हा साऱ्या देशात मिनार होते चार.

तेव्हा कशावर मत घ्यावे आणि कशावर घेऊ नये, हे आधी ठरले पाहिजे. दारूचा परवाना सरकार देते, त्याच्या आसपास राहणाऱ्यांना तो नको असेल तर सरकारने तो परत घ्यावा. कोणाची इबादत, कोणाचा पेहराव, कोणाची भाषा हे परवाने नाहीत. शेजाऱ्यांची संख्या जास्त आहे म्हणून त्यावर शिक्का मारायला घेता येत नाही. ही मर्यादा लिहून ठेवली, तर जमीन, कचरा डेपो, गावचे पाणी अशा बाबतीत सह्यांनी मतदान मागण्याचा हक्क सगळ्यांना मिळावा, असे आम्हाला वाटते.

तोवर हाती आहे ते वापरू. अर्ज कोणत्या भाषेत करावा, असे काही बहिणी विचारतात. संविधानाच्या 350 व्या कलमाप्रमाणे तक्रारीचे निवेदन राज्यात किंवा देशात चालणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येते, उर्दूतही. आमचा सल्ला मराठीचा, कारण तहसीलमध्ये तो लवकर वाचला जातो. भाषेपेक्षा जास्त अडते ते नावापाशी. यादीत ‘फरजाना’, आधार कार्डावर ‘फरझाना’, नवऱ्याचे नाव एकीकडे, वडिलांचे दुसरीकडे. पडताळणीत अशाच सह्या गळतात. नाव दुरुस्त करायला किंवा पत्ता बदलायला 8 नंबरचा अर्ज, नवे नाव घालायला 6 नंबरचा, मयताचे नाव काढायला 7 नंबरचा. अठरा वर्षे पूर्ण झाल्याची तारीख आता वर्षातून चार वेळा धरली जाते: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर. मतदार यादी तुमच्या भागातल्या बीएलओकडे असते, आणि बीएलओ बहुधा आमच्यासारखाच कोणीतरी शिक्षक किंवा अंगणवाडी ताई असते. घरातल्या सगळ्या बायकांची नावे एका कागदावर लिहून तिच्याकडे जावे. पाऊण तास लागतो.