काच फुटते, वाट मिळत नाही

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातलं जांब समर्थ हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. ऑगस्ट 2022 मध्ये तिथल्या श्रीराम मंदिरातल्या जुन्या पंचधातूच्या मूर्ती चोरीला गेल्या आणि सगळा जिल्हा हळहळला. दोनेक महिन्यांनी पोलिसांनी चोरीचा छडा लावला. दिवेआगरच्या सुवर्णगणेशाची मूर्ती मात्र वाचली नव्हती. मार्च 2012 मध्ये तिथे पडलेल्या दरोड्यात दोन पहारेकऱ्यांचे जीव गेले आणि चोरांनी सोनं वितळवलं. असं काही घडलं की विश्वस्त असोत, सराफ असोत, मोबाइलचं दुकान चालवणारा पोरगा असो, सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न येतो: मजबूत काच बसवली तर? प्रश्न रास्त आहे. पण 'मजबूत' म्हणून जी काच पुढे केली जाते ती पुष्कळदा चोरासाठी बनवलेलीच नसते, आणि हे कळतं ते चोरी झाल्यावर.

"बारा एमएमची टफन काच आहे, कोण फोडतंय?"

सर्वांत महागात पडणारा गैरसमज हाच. टफन काच म्हणजे साधी काच सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोतांनी एकदम गार केलेली. त्यामुळे तिचा बाहेरचा थर आवळून बसतो आणि आतला ताणलेला राहतो. साध्या काचेच्या चार-पाच पट मार ती सोसते. कुणी धडकलं, चेंडू बसला, हात आपटला, तरी टिकते. मात्र टोकदार, कठीण वस्तूने बाहेरचा आवळलेला थर एका बिंदूवर जरी भेदला, तरी आत साठलेला ताण सगळीकडून सुटतो आणि अख्खं पान क्षणात बारीक खड्यांचा ढीग होऊन खाली येतं. जाडी आठ असो वा बारा, शेवट तोच.

हा तिचा दोष नाही. तिचं कामच ते आहे. काच फुटली तर माणसाचा गळा-हात चिरू नये म्हणून ती अशी बनवली आहे. ती माणसाला जपते, मालाला नाही. चोराच्या दृष्टीने तर एका ठोक्यात पूर्ण दार मोकळं, आणि अंगाला ओरखडाही नाही.

फरक पाहायचा असेल तर आपली चारचाकी पुरे. अंबड रस्त्याला ट्रकच्या चाकाखालून उडालेला दगड पुढच्या काचेवर बसला की तिथे तारा उमटतो, चरे पसरतात, पण काच जागेवर राहते आणि गाडी जालन्यापर्यंत नेता येते. तीच गाडी उभी असताना चोर बाजूची काच फोडतो, तेव्हा सीटवर खडे पसरतात आणि बॅग गेलेली असते. पुढची काच लॅमिनेटेड असते, बाजूच्या बहुतेक गाड्यांत टफन.

मधला पडदा

लॅमिनेटेड काचेत दोन पानांच्या मध्ये प्लास्टिकचा पारदर्शक पडदा असतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ एदुआर बेनेदिक्तूस याच्या प्रयोगशाळेतली बाटली खाली पडली, तडकली, पण विखुरली नाही, कारण आत सुकलेल्या सेल्युलोज नायट्रेटचा पापुद्रा चिकटलेला होता. या काचेच्या शोधाची कथा अशी सांगतात. 1909 मध्ये त्याने तिचं पेटंट घेतलं. तो जुना पडदा उन्हाने पिवळा पडायचा. 1930 च्या दशकाअखेर पॉलिव्हिनाइल ब्युटिरल, म्हणजे पीव्हीबी, आलं आणि आजही बहुतेक काचांत तेच असतं. धूळ आणि दमट हवा टाळून दोन पानांत हा पडदा ठेवतात, रोलरखालून काढतात आणि मग ऑटोक्लेव्हमध्ये सुमारे 140 अंश उष्णता आणि वातावरणाच्या बारा-तेरा पट दाब देतात. तेव्हा कुठे काच आणि पडदा एकजीव होतात. तयार पानं आणून मापाला कापणं जालन्याच्या काचवाल्याला जमतं. दोन काचा गावात चिकटवून लॅमिनेटेड काच होत नाही.

आणि ही काच "फुटत नाही" हेही खोटं. ती साध्या काचेइतकीच सहज फुटते. फुटूनही ती पडद्याला धरून राहते आणि पलीकडे हात जाईल एवढं भोक पाडायला चोराला पुन्हा पुन्हा त्याच जागी मारावं लागतं, आवाज करत, घामाघूम होत. ती मिळवून देते तो वेळ. म्हणून अशा काचेबद्दल विचारायचा खरा प्रश्न "फुटेल का" हा नाही. "किती मिनिटं लागतील, आणि तेवढ्यात कोण येईल" हा आहे.

या प्रश्नाचं उत्तर मोजण्याची रीत युरोपात ठरलेली आहे. ईएन 356 नावाच्या मानकात 4.11 किलोचा पोलादी गोळा काचेवर टाकतात. पी1ए वर्गासाठी दीड मीटरवरून तीनदा, पी4ए साठी नऊ मीटरवरून तीनदा, पी5ए साठी त्याच उंचीवरून नऊदा. गोळा आरपार जाता कामा नये. त्यावरच्या वर्गांत कुऱ्हाड येते. 40 सेंटिमीटर लांब-रुंद भगदाड पडायला 30 ते 50 घाव लागले तर पी6बी, 51 ते 70 लागले तर पी7बी, त्याहून जास्त लागले तर पी8बी. आपल्याकडे आयएस 2553 हे सुरक्षा काचेचं मानक आहे. पण त्याची खूण टफन काचेवरही असते, म्हणून नुसती खूण पाहून ही काच चोराला रोखेल असं धरून चालू नये. वर्ग वेगळा विचारावा, लेखी घ्यावा.

लेखी मिळत नसेल तर निदान जाडीतला दशांश चिन्हापुढचा आकडा पाहावा. 6.38 म्हणजे तीन-तीनची दोन पानं आणि मध्ये 0.38 मिलिमीटरचा एकच पडदा. 11.52 म्हणजे पाच-पाचची पानं आणि 1.52 चा पडदा, म्हणजे चार पदर. "अकरा-साडेअकरा एमएम" असं तोंडी सांगून कुणी 0.38 चा पडदा दिला तर जाडी जवळपास तीच दिसते, पण चोराला थोपवणारा भाग चौथाईवर येतो. माझं स्पष्ट मत आहे की पैसे काचेच्या जाडीवर घालण्यापेक्षा पडद्यावर घालावेत.

दोन्ही पानं टफन असलेली लॅमिनेटेड काच दुप्पट भक्कम, असंही अनेकांना वाटतं. ती फुटायला अवघड असते, हे खरं. पण दोन्ही पानं फुटली की सगळ्या काचेचे खडे होतात, ताठपणा जातो, आणि पीव्हीबीचं ते अंग ओल्या चादरीसारखं लोंबून चौकटीतून ओढून काढता येतं. साध्या काचेचे मोठे तुकडे मात्र एकमेकांत अडकून बसतात आणि फुटल्यावरही पान ताठ राहतं. म्हणून चोरीविरोधी काचा बहुधा साध्या पानांच्याच असतात. टफनच हवी असेल तर मध्ये आयनोप्लास्ट हा पडदा घालतात. तो पीव्हीबीच्या सुमारे शंभरपट ताठ असतो आणि महागही. मराठवाड्यात आयनोप्लास्ट घेण्याला आणखी एक कारण आहे. पीव्हीबी उष्णतेने मऊ होतं, आणि पश्चिमेकडे तोंड असलेल्या दुकानाची काच मे महिन्यात हात लावू देत नाही.

"मग जुन्या काचेलाच फिल्म लावू"

सेफ्टी फिल्म निरुपयोगी नाही. पण ती काचेच्या दिसणाऱ्या भागावरच चिकटते, चौकटीच्या खाचेत शिरत नाही. काच फुटल्यावर फिल्मसकट सगळं पान लाथेने आत जातं. फिल्मच्या कडा खास सीलंटने चौकटीला बांधल्या असतील तरच तिचा उपयोग. काळ्या फिल्मने आतलं दिसत नाही एवढंच, तिने काच भक्कम होत नाही.

चौकटीचं हेच दुखणं काचेलाही लागू आहे. कितीही चांगली काच हलक्या अॅल्युमिनियम सेक्शनमध्ये, नुसत्या रबराच्या पट्टीवर बसवली तर चोर काचेला हातही लावणार नाही; कटावणी चौकटीत घालेल. बीडिंग, म्हणजे काच धरून ठेवणारी पट्टी, बाहेरच्या बाजूला असेल तर स्क्रू-ड्रायव्हर पुरतो. बीडिंग आतून, काच खाचेत खोल, चौकट भिंतीत घट्ट, आणि कुलूप त्याच तोडीचं, हे नसेल तर काचेचा खर्च करू नये. ड्रेस्डेनच्या ग्रीन व्हॉल्ट संग्रहालयातून नोव्हेंबर 2019 मध्ये हिरेजडित दागिने गेले. तिथल्या चोरांनी खिडकीची लोखंडी जाळी आधीच येऊन कापून ठेवली होती. पॅरिसच्या लूव्रमध्ये 19 ऑक्टोबर 2025 रोजी चोर शिडीच्या ट्रकवरून वर चढले, यंत्राने खिडकी कापली, मग काचपेट्या कापल्या, आणि आठ मिनिटांच्या आत पसार झाले. पेटीत पडलेलं भोक इतकं अरुंद होतं की सम्राज्ञी यूजेनीचा मुकुट बाहेर काढताना चेपला, आणि पळताना तो त्यांच्या हातून पडला. काचेने आपली मिनिटं दिली होती. तेवढ्यात पोचणारं कुणी नव्हतं. भोंगा, कॅमेरा, राखणदार आणि शेजारचा जागा दुकानदार यांच्याशिवाय ती मिनिटं वाया जातात.

बुलेटप्रूफ काचेबद्दल थोडक्यात. साताऱ्याच्या संग्रहालयात जुलै 2024 मध्ये लंडनहून आलेली वाघनखं ठेवली तेव्हा तिची बरीच चर्चा झाली. गोळी रोखणं आणि कुऱ्हाड रोखणं यांच्या चाचण्या वेगळ्या आहेत, वर्गही वेगळे. गावातल्या सराफाला बहुधा दुसरीची गरज असते. शिवाय काच दर चौरस मीटरला, जाडीच्या दर मिलिमीटरमागे अडीच किलो भरते. जाडी वाढली की बिजागरी, चौकट, भिंत सगळंच बदलावं लागतं.

बसवताना एक गोष्ट मात्र कारागिराला आवर्जून सांगावी. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन लॅमिनेटेड काचेच्या कडेला लावू नये. त्याने पडदा कडेपासून सुटतो, पांढरट डाग आत सरकतात. न्यूट्रल सिलिकॉन घ्यावं, आणि खाचेत पावसाचं पाणी साचू देऊ नये.

राहिला तो सर्वांत गंभीर मुद्दा, आणि तो काच विकणारा सहसा काढत नाही. जी काच चोराला आत येऊ देत नाही, ती आग लागल्यावर आतल्या माणसालाही बाहेर जाऊ देत नाही. अमेरिकेतल्या एएए या वाहनचालक संघटनेने 2019 मध्ये गाडीची काच फोडायची सहा साधनं तपासली. त्यांतल्या चार साधनांनी टफन काच फोडली. लॅमिनेटेड काचेतून वाट काढणं एकालाही जमलं नाही. मागे दार नसलेल्या गाळ्यात, पोटमाळ्यावर माणूस झोपत असलेल्या दुकानात, एकच दरवाजा असलेल्या मंदिराच्या सभागृहात ही काच लावण्याआधी आतून किल्लीशिवाय उघडणारी दुसरी वाट काढावी. ती निघत नसेल, तर तिथे ही काच बसवू नये.