गॅलरी कुठे गेली? मुंबईच्या हवेला मानवणारं घर

आजचा विषय आहे हवामानाला धरून केलेली वास्तुरचना. हे शब्द ऐकले की डोळ्यांपुढे कोकणातलं कौलारू घर येतं, नाहीतर गोव्यातलं एखादं रिसॉर्ट. आपण मात्र आज भोईवाड्यात थांबणार आहोत. एका अंगाला केईएम आणि टाटा रुग्णालय, दुसऱ्या अंगाला नायगावच्या बीडीडी चाळी, आणि सगळीकडे वर चढणारे टॉवर. इथल्या कितीतरी कुटुंबांच्या हातात सध्या नव्या घराचे नकाशे आहेत. त्यात चौरस फूट किती, हे सगळेच बघतात. वारा कुठून येणार आणि कुठून जाणार, हे कोण बघतं?

आधी मुंबईची हवा समजून घेऊ. इथे पारा नागपूरसारखा चढत नाही. त्रास होतो तो दमटपणाचा. घाम येतो पण सुकत नाही, आणि घाम सुकला नाही तर अंग थंड होत नाही. कोरड्या प्रदेशात जाड भिंती आणि लहान खिडक्या चालतात, कारण तिथे ऊन अडवलं की बरंचसं काम भागतं. इथे अंगावरून वारा वाहायलाच हवा. आणि वारा खोलीत नीट तेव्हाच शिरतो, जेव्हा त्याला बाहेर पडायला दुसरी वाट असते. एकच खिडकी कितीही मोठी केली, तरी ही दुसरी वाट काही तयार होत नाही.

आता गंमत बघा. दुपारचा वारा समुद्राकडून, म्हणजे पश्चिमेकडून येतो. उतरतं ऊनही पश्चिमेचंच. पावसाचा मारा नैर्ऋत्येचा, आणि तो चार महिन्यांत साधारण दोन हजार मिलिमीटर किंवा त्याहूनही जास्त. वारा हवा, ऊन-पाऊस नको, आणि तिघंही जवळजवळ एकाच बाजूने येतात! मुंबईतल्या घराचं सगळं कोडं यात आलं.

गिरणगावातल्या जुन्या चाळींनी हे कोडं गॅलरीने सोडवलं. लाकडी सांगाडा, वर मंगलोरी कौलं, आणि खोल्यांपुढून जाणारी गॅलरी. ऊन गॅलरीतच अडतं, म्हणून खोलीची भिंत तापत नाही. पावसाची झड बरीचशी कठड्यापाशी थांबते, म्हणून दार उघडं ठेवता येतं. पुढे दार, मागे खिडकी, वारा आरपार. चाळीतली दारं दिवसभर उघडी असायची, याचं एक कारण शेजारधर्म. दुसरं कारण वारा. अर्थात चाळीचं कौतुक करताना एका खोलीत दाटीने राहणारी माणसं आणि सामाईक संडासाची रांग विसरून चालणार नाही. आपण गॅलरीबद्दल बोलतोय, गरिबीबद्दल नाही.

पुढे १९२०च्या दशकात सरकारने बीडीडी चाळी बांधल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती. काँक्रीटचं पक्कं बांधकाम, पण मधोमध पॅसेज आणि दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या, प्रत्येकी १६० चौरस फुटांची. दार अंधाऱ्या पॅसेजमध्ये उघडणार. म्हणजे वारा हवा असेल तर आपणही दार उघडं ठेवायचं आणि समोरच्यानेही ठेवायचं.

खरं तर उजेड-वाऱ्याचं महत्त्व या शहराला मोठी किंमत मोजून कळलं होतं. १८९६ मध्ये प्लेग आला. त्याच्या संशोधनातून उभी राहिलेली हाफकिन संस्था आजही परळलाच आहे. प्लेगनंतर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टचे जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा नियम लावून धरला. सोप्या भाषेत, इमारतीची उंची समोरच्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून जास्त नको; तरच खालच्या खोलीतूनही आभाळ दिसेल. आता आजचं बघा. मानखुर्द-गोवंडी भागातल्या काही पुनर्वसन वसाहतींमध्ये दोन इमारतींमधलं अंतर जेमतेम ३ मीटर आहे. ऊन-वारा न पोचणाऱ्या अशा घरांचा क्षयरोगाशी संबंध असल्याचं २०१८ मधल्या एका अभ्यासात दिसून आलं. हा निव्वळ सोयीचा प्रश्न नाही, तो फुप्फुसांचा आहे.

मग उंच इमारत म्हणजे कोंडवाडाच का? नाही. चार्ल्स कोरिया यांची कंबाला हिलवरची 'कांचनजंगा' इमारत १९८३ ची. तिचं तोंड पूर्व-पश्चिम, वारा आरपार जावा म्हणून. मग ऊन-पावसाचं काय? प्रत्येक घराला कोपऱ्यात दोन मजले उंचीचा, आत घेतलेला बगिचा दिला. जुन्या बंगल्यांच्या व्हरांड्याचंच ते रूप. म्हटलं तर आपल्या गॅलरीचंही. ती श्रीमंतांची घरं आहेत, कबूल. पण वारा भाडं विचारत नाही! दादरलाच यायचं तर कोरियांनीच १९७०च्या दशकात रचलेलं पोर्तुगीज चर्च बघा. मध्ये उघडे चौक, आणि वर निमुळती होत जाणारी काँक्रीटची छपरं. गरम हवा वर चढून निघून जाते, चौकातली गार हवा आत येते.

मग गॅलरी गेली कुठे? हिशेबात गेली. बाल्कन्या भिंती घालून खोलीत घेण्याची सवय आपल्यालाच लागली. २०१२ पासून तर नियमांनीही बाल्कनी चटईक्षेत्रात मोजायला सुरुवात केली. मोजलं जाणारच असेल, तर बिल्डर ते क्षेत्र खोलीतच दाखवणार. त्यात गिरण्यांच्या जमिनींवर काचेच्या इमारती आल्या. काच ऊन आत घेते, उष्णता बाहेर सोडत नाही. मग एसी लावायचा, आणि एसीची गरम हवा शेजारच्याच्या खिडकीवर.

म्हणून नकाशा हातात आला की चार गोष्टी विचारा. एक, घराला निदान दोन बाजूंनी उघडणाऱ्या खिडक्या आहेत का? दोन, पश्चिमेच्या खिडकीवर काय आहे? दक्षिणेच्या खिडकीला साधा छज्जा पुरतो, कारण उन्हाळ्यात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. पश्चिमेचं ऊन आडवं येतं. तिथे खोल बाल्कनी, उभ्या पट्ट्या किंवा झाड हवं. तीन, समोरची इमारत किती लांब? चार, जिना आणि पॅसेज दिवसा दिव्याविना उजळतात का?

बीडीडीच्या १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फुटांचं घर मिळणं ही मोठी गोष्ट आहे, आणि ते या लोकांच्या हक्काचं आहे. फक्त ते घर बांधून झाल्यावर त्यात वारा घालता येत नाही. तो नकाशातच मागून घ्यावा लागतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.